‘हिशोब फिटलाच नाय’: वेठबिगारीतून सुटलेल्यांची कहाणी कशी टिपावी, कशी जपावी

१९३७च्या जुलैत अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरात जेसी बटलर नावाच्या गोऱ्या बाई एका म्हातारीकडे गेल्या. म्हातारीचं नाव सुझन हॅम्लिन. वय शंभरीच्या आसपास, जन्म गुलामीतला. सरकारच्या ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’साठी एकेकाळच्या गुलामांच्या आठवणी उतरवून घेण्याचं काम बटलरबाई करत होत्या. म्हातारीला वाटलं, या बाई मदत कार्यालयातून आल्या, आता बंद पडलेली मदत सुरू होणार. बटलरबाईंनी तिचा समज दूर केला नाही. तसं त्यांनी स्वतःच अहवालात लिहून ठेवलंय. म्हातारीने सांगितलं, मालक भला माणूस होता. त्याच सुमारास ऑगस्टस लॅडसन हा कृष्णवर्णीय मुलाखतकारही तिच्याकडे गेला. त्याला तिने फटक्यांचं सांगितलं, आणि एका जोडप्याचं सांगितलं: रात्री लग्न लागलं, सकाळी मालकाने नवरी विकली, आणि नवरीची आई भर रस्त्यात उभी राहून मालकिणीला शिव्या घालत राहिली.

हे प्रकरण मी वाचलं ते फार उशिरा. त्याआधी एका पाड्यावर मी जे करून बसले, ते बटलरबाईंपेक्षा वेगळं नव्हतं. रस्ता माहीत नाही म्हणून नाक्यावरच्या एका दुकानदाराला सोबत घेतलं. दोन दिवसांत नऊ मुलाखती झाल्या आणि नऊही जणांनी सांगितलं की शेठ देवमाणूस आहे, अडीनडीला पैसे देतो. परतताना कळलं की पावसाळ्यात पाड्यावर शेठचा बयाणा, म्हणजे हंगामाआधीची उचल, वाटतो तो हाच दुकानदार. त्या नऊ फाइली मी पुसल्या नाहीत. त्यांच्या नोंदीत ‘सोबत कोण होतं’ असा एक रकाना वाढवला आणि खरं ते लिहिलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नोंदीत तो रकाना पहिला असतो.

पुढे लिहिलंय ते पालघर, ठाणे, रायगडकडे वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांवरून सुटून आलेल्या, मुख्यतः कातकरी, कुटुंबांशी बोलताना शिकलेलं. ऊसतोडीतून, खाणीतून किंवा सालगडी म्हणून अडकलेल्यांकडे जाणार असाल तरी बहुतेक सगळं कामी येईल.

जाण्याआधी

‘गुलाम’ हा शब्द पाड्यावर कुणी स्वतःबद्दल वापरत नाही. ‘वेठबिगार’ हाही कागदावरचाच. लोक म्हणतात, ‘बयाण्यात होतो’, ‘शेठकडे अडकलो होतो’, ‘हिशोब फिटत नव्हता’. तुम्ही ‘तुम्ही वेठबिगार होतात का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाय’ येईल आणि ते खोटंही नसेल.

तेव्हा आधी धंदा समजून घ्या. भट्टीवर काम जोडीने असतं, नवरा-बायकोचं, आणि पोरं हाताशी असतातच. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की बयाणा हातावर पडतो. दिवाळी झाली की टेम्पो येतो, पावसाच्या तोंडावर परत आणून सोडतो. मधल्या महिन्यांत आठवड्याच्या बाजारापुरती खर्ची मिळते. विटांचा भाव हजारामागे ठरतो आणि हिशोब हंगामाच्या शेवटी होतो, शेठच्या वहीत. किती विटा पाडल्या ते मोजणारा शेठ. अवकाळी पावसाने ज्या विरघळल्या त्या कुणाच्या खात्यावर हे ठरवणाराही शेठच. बाकी निघाली की पुढचा हंगाम त्याच भट्टीवर. एवढं डोक्यात असलं की ‘त्या साली पाऊस आला’ या चार शब्दांत माणूस काय सांगतोय ते कळतं. नसलं तर तुम्ही पुढच्या प्रश्नावर जाता.

कायदाही वाचून जा. संविधानाच्या कलम २३ने वेठ आणि सक्तीची मजुरी बंद केली, पण वेठबिगारीचा स्वतंत्र कायदा यायला १९७६ उजाडलं. लागू धरला जातो तो २५ ऑक्टोबर १९७५पासून. त्यानुसार असलं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते आणि हे कर्ज वेठबिगारीचं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर येतं. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच करून घेतली जातेय असं धरून चालावं. मुलाखतीत कायदा सांगत बसायचं नाही. पण समोरचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत म्हणणार असतो, ‘पैसे घेतले ना आम्ही, चूक आमचीच.’ ते वाक्य तुम्ही मान डोलावून सोडून द्यायचं नाही, हे कळण्यापुरता तरी तो हवा.

क्रम वयाने लावा. फार म्हातारी माणसं भेटली तर ‘लग्नगडी’ हा शब्द कानावर येईल. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने मिळून त्याच्याकडे राबायचं. १९४५मध्ये उंबरगाव-डहाणूकडे वारल्यांनी लढा दिला तो या पद्धतीविरुद्धही होता. तेव्हा वीस वर्षांचा असलेला माणूस आज शंभरीचा असेल. तिथे आता मुलांच्या तोंडून जे येईल ते. अमेरिकेतही हेच झालं. गुलामी संपली १८६५ला, सरकारी मोहीम निघाली १९३६ला. तीन वर्षांत १७ राज्यांतून २,३००हून जास्त कहाण्या गोळा झाल्या, पण बोलणारे बहुतेक जण मुक्तीच्या वेळी पोरवयातले होते. भर उमेदीत शेतावर राबलेली पिढी तोवर मातीआड गेली होती.

आणि एक सक्त गोष्ट. सुटका नुकती झाली असेल आणि खटला चालू असेल तर मुलाखत घेऊ नका. पोलिसांपुढचा जबाब, प्रांताधिकाऱ्यांपुढचा जबाब आणि तुमचं ध्वनिमुद्रण यांत एका आकड्याचा फरक निघाला तरी समोरचा वकील तोच धरून बसतो. त्या कुटुंबाच्या वकिलाशी बोला, थांबा. कुणी अजूनही अडकलेलं आढळलं तर ते काम मुलाखतीचं नाहीच. माहीतगार संघटनेला घेऊन प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी जा. एकट्याने मोबाइल काढून भट्टीवर जाऊ नका, त्याचा फटका तुम्हाला नाही, त्या कुटुंबाला बसतो.

विचारणारा कोण

अमेरिकेच्या मोहिमेत मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते, काही तर त्याच गावच्या जुन्या मालकांच्या गोतावळ्यातले. व्हर्जिनियात मात्र हॅम्प्टन इन्स्टिट्यूटच्या रॉस्को लुइस यांनी फक्त कृष्णवर्णीय मुलाखतकारांची तुकडी उभी केली आणि तिने ३००हून जास्त लोकांशी बोलून घेतलं. अभ्यासक आजही दोन्ही प्रकारच्या नोंदी वेगवेगळ्या नजरेने वाचतात.

आपल्याकडे याचा सरळ अर्थ असा की पाड्यावरची दहावी-बारावी झालेली पोरगी तुमच्यापेक्षा चांगली मुलाखतकार आहे. तिला दोन दिवस शिकवा, मुद्रणाचं यंत्र तिच्या हातात द्या आणि मानधन द्या. तुम्ही बाजूला बसा, किंवा बसूच नका. फक्त एक बघा: ती ज्यांची नातेवाईक आहे त्यांच्या घरातलं भांडण ती विचारणार नाही. अशी घरं दुसऱ्या पाड्यावरच्या मुलीला द्या.

त्याहून उत्तम म्हणजे ज्याची गोष्ट त्यानेच लिहावी. याचं एक उदाहरण नाशिकचं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने पकडलेल्या गलबतांवरून सुटलेली आफ्रिकी मुलं शरणपूरच्या मिशनमध्ये आणून शिकवली जात. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश मिशनरी-शोधक लिव्हिंग्स्टन याच्या शोधमोहिमेत गेला. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि त्याने त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली. ती हस्तलिखित रूपात टिकली. शरणपूरच्या बाकी मुलांबद्दल मिशनऱ्यांनी लिहिलेलं पुष्कळ सापडतं. त्यांनी स्वतः लिहिलेलं फार थोडं.

कुठे बसायचं, हेही ठरवून जा. तुम्ही गेलात की शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची येते. तुम्ही खुर्चीवर, आजी खाली ओट्यावर. हे चित्र सरकारी माणसाचं आहे. खुर्ची नाकारणं बरं दिसत नाही, म्हणून मी तिच्यावर पिशवी ठेवते आणि ओट्यावर बसते. बाईशी बोलायचं असेल तर नवरा कामावर गेल्यावर जा, नाहीतर सगळी उत्तरं तोच देतो. आणि आकड्यांची उत्तरं तर त्याच्याच तोंडून ऐकायची सवय तिलाही असते. पहिल्या भेटीत यंत्र काढूच नका. चहा घ्या, तुम्ही कोण, कुठल्या, लग्न झालं का, पोरं किती, या चौकशीला नीट उत्तरं द्या. तुम्हाला पुढे हेच सगळं विचारायचं आहे.

संमती म्हणजे अंगठा नव्हे

छापील अर्ज पुढे करून अंगठा घेऊ नका. या माणसांच्या आयुष्याची वाताहत अशाच एका न वाचलेल्या कागदावरच्या अंगठ्याने झालेली असते. मी संमती बोलून घेते आणि तीच मुद्रित करते. साधारण असं:

‘आजी, मी सरकारातून आले नाही. माझ्यामुळे घरकुल मिळणार नाही, पैसे मिळणार नाहीत, दाखला मिळणार नाही. तुमची गोष्ट तुमच्या आवाजात ठेवायची, एवढंच काम आहे. नको वाटलं त्या प्रश्नाला नको म्हणा. मधेच बंद कर म्हणालात तर बंद करीन. उद्या वाटलं की पूस, तर पुशीन. आता तुम्ही मला सांगा, मी काय म्हटलं?’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ती जे परत सांगेल त्यावरून कळतं की ‘दाखला मिळणार नाही’ हे पोचलं की नाही. बहुतेक वेळा पहिल्यांदा पोचत नाही.

मग एकेक वेगळं विचारा: नाव लावायचं का, आवाज दुसऱ्यांना ऐकवायचा का, फोटो घ्यायचा का, पाड्याचं नाव सांगायचं का, शेठचं नाव सांगायचं का. आवाज चालेल पण फोटो नको, असं सर्रास असतं. मुलाखत झाल्यावर हेच पुन्हा विचारा, कारण आधी ‘हो’ म्हणताना आपण काय काय बोलून जाऊ हे तिलाही माहीत नसतं. लैंगिक अत्याचाराचं काही बोलण्यात आलं तर ओळख उघड होईल असं काहीही बाहेर जाता कामा नये; भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ने तो गुन्हाच आहे. नाव झाकून भागत नाही. पाडा, भट्टी आणि साल एकत्र आलं की तालुक्यात सगळ्यांना कळतं कोण ते.

पैशांचं काय? मुलाखतीचे पैसे देऊ नयेत असं पुस्तकात असतं. माझं मत वेगळं आहे. अर्धा दिवस बोलण्यात गेला तर बाईचा रोज बुडतो. तेवढा रोज द्यावा, आणि तो बोलणं सुरू व्हायच्या आधी द्यावा, म्हणजे काय बोलली यावर तो अवलंबून नाही हे दिसतं. याला आगाऊ रक्कम म्हणतात हे मला कळतं. म्हणून देतानाच सांगते, ‘हे बुडालेल्या रोजाचे आहेत, परत द्यायचे नाहीत.’ एकदा एक काका यावर इतके हसले की सुरुवातीची पाच मिनिटं मुद्रणात तेवढंच आहे.

यंत्र

साधा मोबाइल चालतो. विमान मोडवर टाका, रेकॉर्डरमध्ये वेव्ह फाइल निवडा (४८ किलोहर्ट्झ, २४ बिट), कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या. मोनोमध्ये तासाला साधारण ५०० एमबी लागतात, तेवढी जागा आधी रिकामी करा. पॉवरबँक न्या. सुरुवातीला एक मिनिट मुद्रण करून कानाला लावून ऐका. पत्र्याच्या छपराखाली पावसात बसू नका. कोंबड्याचं आरवणं राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. डीजे लागला असेल तर दुसऱ्या दिवशी या.

आवाजाचा एवढा आग्रह का? त्या २,३०० अमेरिकी कहाण्या आज वाचायला मिळतात, पण त्या मुलाखतकारांनी हाताने उतरवलेल्या. खुद्द आवाज ऐकू येतो तो १९३२ ते १९७५ या काळात निरनिराळ्या लोकांनी मुद्रित केलेल्या, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयातल्या २३ जणांचा. त्यांतले एक फाउंटन ह्यूज, बॉल्टिमोर, १९४९. बोलता बोलता ते म्हणतात की सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला ते सांगायला आवडत नाही आणि मी सांगणारही नाही. कागदावर ते एक वाक्य आहे. ऐकताना त्याच्या आधीचं अडखळणंही ऐकू येतं.

काय विचारायचं

‘तुमच्यावर काय अत्याचार झाले?’ असं कधीही विचारू नका. त्याला एकतर मौन मिळतं, नाहीतर मोर्च्यात शिकलेलं भाषण. दिवसापासून सुरुवात करा. दिवस सगळ्यांना आठवतो.

भट्टीवर पहाटे जाग कशाने यायची? चूल कोण पेटवायचं? चिखल कोण तुडवायचं, साचा कोण मारायचं? लहान पोर कुठे ठेवायचात? पाणी कुठून आणायचात? खर्चीच्या पैशांत बाजारातून काय यायचं, काय आणायचं राहून जायचं? आजारी पडलं तर? सण आला तर? रात्री निजायची जागा दाखवा बरं, ही भिंत धरली तर दार कुठे?

या शेवटच्या प्रश्नाला माणूस उठून उभा राहतो. जमिनीवर काटकीने रेषा मारतो: ही झोपडी, हा ढीग, हा शेठचा बंगला, इथून वाट. त्या रेषांचा फोटो घ्या. अंतर पावलांनी मोजून घ्या. तुम्ही बंगल्यातून झोपडी दिसायची का, असं काहीच विचारलेलं नसतं, तरी ते कळतं.

हातांना विचारा. एका बाईला मी विटांचं विचारत होते आणि ती ‘काय सांगायचं, वीट ती वीट’ म्हणून गप्प झाली होती. घरात जुना साचा होता, तो नातीने आणून तिच्यापुढे ठेवला. तिने बसल्या जागी हात ओले केल्यासारखे केले, नसलेला चिखल उचलला, आपटला, अंगठ्याने कडा दाबली, वर हात फिरवला, साचा उपडा केला, उचलला. पाच-सहा सेकंद. मग पुन्हा. आणि तिसऱ्यांदा करताना बोलायला लागली, ती चाळीस मिनिटं. हात चालू होते तोवर बोलत होती.

हिशोबाचा प्रश्न उशिरा घ्या, पण बारकाईने घ्या. बयाणा किती, कुणाच्या हातून, कुणासमोर, अंगठा कशावर, वही कुठल्या रंगाची. आकडे दर वेळी बदलतील. सगळे लिहा, खरा कोणता ते ठरवू नका.

मग सुटकेचा दिवस. कोण आलं, गाडी कसली, भांडी घेता आली का, शेठ काय बोलला. आणि त्यानंतरचं विसरू नका, कारण बहुतेक नोंदी टेम्पो पाड्यावर पोचला की संपतात. मुक्तीचा दाखला किती दिवसांनी मिळाला? पुनर्वसनाचे पैसे आले का? पुढच्या पावसाळ्यात काय खाल्लं? पुन्हा बयाणा घेतला का? या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं तर चेहऱ्यावर काही दाखवू नका.

गप्प बसायला शिका. मी घड्याळ न बघता मनात वीस आकडे मोजते. पंधराच्या आसपास बरेचदा पुढचं वाक्य येतं. रडू आलं तर यंत्र बंद करू का विचारा, पाणी द्या, ‘असू दे, झालं गेलं’ असलं काही बोलू नका. तिथेच उठून निघूनही येऊ नका. शेवटची दहा मिनिटं आजच्या दिवसावर आणा: यंदा नाचणी कशी झाली, नात कितवीत आहे. माणसाला भट्टीवर सोडून घरी यायचं नाही.

त्याच रात्री

फाइल दोन ठिकाणी उतरवा, मगच जेवा. मग एक पान हाताने लिहा: सोबत कोण होतं, कुठे बसलो, कुणी मधे बोललं, कुठल्या प्रश्नाला आवाज उतरला, यंत्र बंद केल्यावर काय सांगितलं (आणि ते लिहायची परवानगी आहे का). सकाळी यातलं अर्धं आठवत नाही.

उतरवून काढणं

एका तासाचं बोलणं कागदावर यायला मला सहा-सात तास लागतात. हल्ली यंत्राकडून मजकूर काढता येतो, पण पाड्यावरच्या बोलीत ते निम्मं काहीतरी भलतंच लिहितं आणि वाईट म्हणजे शुद्ध मराठीत लिहितं. एक तुकडा दाखवते. मुद्रणात असं आहे:

‘मंग शेठ बोलला, तुमचं अजून फिटलं नाय. (थांबते) बारा हजार व्हतं... नाय, बारा हजार पहिल्या सालचं. मंग वही काढून दाखवतो. मला काय समजतं वहीतलं? (हसते) मी म्हटलं, बरं.’

आणि हे एका चांगल्या, शिकलेल्या सहकाऱ्याने अहवालासाठी केलेलं:

‘हंगामाच्या शेवटी मालकाने कर्ज फिटले नसल्याचे सांगितले. निरक्षर असल्यामुळे मला हिशोब तपासता आला नाही.’

यात खोटं काही नाही. पण ती हसली हे गेलं, दोन सालांचा गोंधळ गेला, आणि ‘बरं’ गेलं. वेठबिगारी कशी चालते हे मला विचाराल तर त्या ‘बरं’मध्ये आहे.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. अमेरिकी मोहिमेत वॉशिंग्टनहून बोलीभाषा कशी लिहावी याच्या सूचना गेल्या, तरी कित्येकांनी उच्चार इतके वेडेवाकडे लिहिले की बोलणारा विदूषक वाटावा. मोहिमेतले कवी-संपादक स्टर्लिंग ब्राउन यांचं म्हणणं होतं की माणसाची बोलण्याची धाटणी खरी उतरली पाहिजे. नेमका उच्चार त्यानंतर. मी तेच धरते. शब्द त्यांचे, वाक्याची ठेवण त्यांची, शब्दांचा क्रम त्यांचा. ‘नाय’, ‘मंग’ हे त्यांचे शब्द, ते राहतात. बाकी उच्चाराची नक्कल करत नाही. आपण ‘पैशे’ बोलतो तरी आपलं कुणी तसं छापत नाही. कातकरी माणसं आपसांत त्यांच्या बोलीत बोलतात. मुलाखतीत मधेच तसं वाक्य आलं तर ते त्याच बोलीत देवनागरीत लिहा, पाड्यावरच्याच कुणाकडून अर्थ विचारून बाजूला द्या. मूळ काढून फक्त अर्थ ठेवू नका.

साल कसं ठरवायचं

‘कुठल्या साली?’ याला उत्तर मिळत नाही. ‘मोठी पोरगी तेव्हा रांगत होती का?’ याला मिळतं. एक पट्टी बनवून न्या: इंदिरा गांधी गेल्या (१९८४), जव्हारकडच्या वावर-वांगणीची पोरं कुपोषणाने दगावली (१९९२), २६ जुलैचा पूर (२००५), पालघर जिल्हा झाला (२०१४), नोटा बंद झाल्या (२०१६), लॉकडाऊन (२०२०). पट्टीवर आधी घरातले जन्म-मृत्यू बसवा, मग भट्ट्या. नोटाबंदीचा हंगाम तर नोव्हेंबरात, म्हणजे टेम्पोच्या दिवसांतच आला होता. तेव्हा खर्ची कसल्या नोटांत मिळाली, हे लोकांना लख्ख आठवतं. काढलेलं साल तुमच्या टिपेत लिहा. तिच्या वाक्यात घुसवू नका.

कागद आणि फाइली

घरात पत्र्याच्या पेटीत किंवा आढ्याला लटकवलेल्या पिशवीत कागद असतात: मुक्तीचा दाखला, रेशनकार्ड, क्वचित शेठने लिहून दिलेली चिठ्ठी. ते मागून घेऊन जाऊ नका, तिथेच फोटो काढा. सावलीतल्या उजेडात, सरळ वरून, दोन्ही बाजू, शेजारी पट्टी ठेवून. आणि लॅमिनेशन करून देऊ नका. मी उत्साहाने एका घरचा दाखला करून दिला होता. एका पावसाळ्यात कडेने पाणी शिरलं आणि आतल्या आत बुरशी धरली, आता तो उघडताही येत नाही. साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत झेरॉक्सची अक्षरं चिकटून निघतात. कोऱ्या कागदाचं पाकीट, ते झाकणाच्या डब्यात, डबा चुलीपासून लांब आणि जमिनीपासून उंच, एवढं पुरतं.

फाइलींची नावं पहिल्याच दिवशी ठरवा: वर्ष-महिना-दिवस, पाड्याचा क्रमांक, माणसाचा क्रमांक. नाव घालू नका. कोणता क्रमांक कोणाचा ही यादी वेगळ्या वहीत, कुलपात. मूळ वेव्ह फाइलला हात लावायचा नाही, कापाकापी प्रतीवर. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. दर वर्षी उघडून बघा, शक्य तर चेकसम (फाइलीवरून संगणक काढतो तो ओळखीचा आकडा) काढून ताडून बघा; फाइलीतला एक कण बदलला तरी तो आकडा बदलतो. कपाटात पडलेली हार्डडिस्क म्हणजे जतन नव्हे. माझी एक तशीच गेली, सोबत चार मुलाखती गेल्या, आणि त्यांतल्या दोन माणसांकडे परत जाण्यात अर्थ उरला नव्हता.

विद्यापीठाला किंवा ग्रंथालयाला ठेवायला देणार असाल तर लेखी ठरवा: कोणती फाइल उघडी, कोणती अमुक वर्षांनी, कोणती फक्त कुटुंबाला विचारून. उतरवलेला मजकूर आणि मूळ मुद्रण दोन्ही द्या. अमेरिकेत काही राज्यांनी कहाण्या वॉशिंग्टनला धाडण्याआधी त्यांवर कात्री चालवली, काही तर धाडल्याच नाहीत. १९७०च्या दशकात जॉर्ज रॉविक यांनी राज्यांच्या दप्तरांतून मूळ मजकूर शोधून काढले म्हणून ते कळलं. मूळ राहिलं होतं म्हणून.

परत देणं

हे शेवटी लिहिलंय, पण दिवस आधीच ठरवून ठेवा. लिहिलेलं वाचून दाखवा, आवाज ऐकवा, आणि घरातल्या ज्याच्याकडे मोबाइल असेल त्याच्या मेमरी कार्डात घालून द्या. छापील पुस्तिका दिलीत तर कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत ती फळीवरच राहते.

वर जिचा तुकडा दिला त्या आजीकडे मी सात महिन्यांनी गेले. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटपली होती. नातीने मोबाइल तिच्या कानाशी धरला. पहिल्यांदा आजी आपलाच आवाज ऐकून लाजली, मग डोळे मिटून ऐकत राहिली. ‘बारा हजार व्हतं’ इथे तिने हात वर केला. ‘थांबव. बारा नाय. बारा ह्यांच्यासमोर बोलले. दोन हजार मी येगळं घेतलेलं, पोरीच्या दवाखान्याला. ते ह्यांना म्हाईत नाय.’ नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मी विचारलं, हे लिहू का? ती नातीकडे बघून म्हणाली, ‘लिव्ह. हिला कळू दे.’

नवी फाइल केली. दुसरी बैठक. सोबत कोण होतं: नात.